मिर्झा हैदर दुघलात : विमानाच्या साडेतीनशे वर्षे आधी ‘दमगिरी’ लिहून ठेवणारा सेनापती

मराठीत आपण ‘दम लागला’ म्हणतो, ‘दमा आहे’ म्हणतो, ‘जरा दम धर’ असंही म्हणतो. हा ‘दम’ फारसीतून आला, अर्थ श्वास. ‘गीर’ म्हणजे धरणारा, पकडणारा. जहांगीर म्हणजे जग पकडणारा, दिलगीर म्हणजे ज्याचं मन कशानं तरी धरलंय असा. दोन्ही जोडून एक शब्द होतो, ‘दमगिरी’. म्हणजे श्वास धरणारा आजार. हा शब्द ज्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत पोहोचला त्या माणसाची ही ओळख. त्याचं नाव मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात. तो हकीम नव्हता. सेनापती होता, पुढे काश्मीरचा शासक झाला, आणि ‘तारीख-ए-रशीदी’ हा इतिहास लिहून गेला.

आज विमान आणि अंतराळ वैद्यकशास्त्र ही डॉक्टरीची एक स्वतंत्र शाखा आहे. बंगळुरूला हवाई दलाची संस्था १९५७ पासून आहे, तिथं या विषयात एम.डी. करता येतं. या शाखेचा अगदी मुळातला प्रश्न एवढाच आहे की वर गेल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं? वर जायला विमान आलं १९०३ मध्ये. पण डोंगर आधीपासून होतेच, आणि या प्रश्नाचं उत्तर माणसानं पहिल्यांदा डोंगरावर जीव गमावूनच शोधलं. मिर्झा हैदरचं आयुष्य त्या शोधातलं एक महत्त्वाचं पान आहे. आपल्या घरांत मात्र त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

त्याचा जन्म हिजरी ९०५ चा, म्हणजे इसवी सन १४९९-१५०० चा, ताश्कंदचा. दुघलात हे काश्गरकडचं मोठं अमीर घराणं. वालिदा खूब निगार खानम ही युनुस खानाची मुलगी, आणि बाबराची आई कुतलुग निगार खानम हिची बहीण. म्हणजे बाबर हा हैदरचा खालाजाद भाऊ, आपल्या भाषेत मावसभाऊ. वयानं बाबर सोळा-सतरा वर्षांनी मोठा.

पोराचं लहानपण काही सुखात गेलं नाही. वालिद मुहम्मद हुसेन मिर्झा राजकारणात गुरफटलेले होते. एकदा तर त्यांनी काबूलमध्ये खुद्द बाबराविरुद्धच बंड केलं. बाबरानं नातं सांभाळून माफ केलं, पण पुढे ते उझबेक सरदार शैबानी खानाच्या हाती सापडले आणि मारले गेले. हैदर तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. शैबानीच्या माणसांच्या हाती तोही लागला असता, पण घरच्या एका विश्वासू मौलानानं त्याला बुखाऱ्यातून गुपचूप बाहेर काढलं आणि डोंगरवाटांनी बदख्शानला नेलं. तिथून १५०९ मध्ये तो काबूलला बाबराकडे पोहोचला. ज्याच्या बापानं बंड केलं त्या पोराला बाबरानं मुलासारखं वाढवलं. हैदर ही गोष्ट आयुष्यभर विसरला नाही, आपल्या ग्रंथात त्यानं ती मोकळ्या मनानं नोंदवली आहे. बाबरानंही आपल्या आठवणींत या पोराचं कौतुक केलंय. अक्षर सुंदर, चित्रकला येते, बाण बनवण्यात हात कुशल, कविता करतो, असं.

पुढे हैदर दुसऱ्या एका नातेवाइकाकडे गेला. हा सुलतान सईद खान, हाही मावस-मामे नात्यातलाच. १५१४ मध्ये सईद खानानं काश्गर आणि यारकंद जिंकलं तेव्हा हैदर पंधरा वर्षांच्या आसपास होता आणि सोबत होता. जिंकलं कुणाकडून? मिर्झा अबा बक्रकडून, म्हणजे हैदरच्याच दुघलात घराण्यातल्या माणसाकडून. त्या काळच्या मध्य आशियात नाती अशीच होती, एका हातानं वाचवायची आणि दुसऱ्यानं मारायची. पुढची एकोणीस वर्षं हैदर खानाचा उजवा हात होता.

आता मुद्द्याची मोहीम.

१५३२ च्या उन्हाळ्यात सईद खान फौज घेऊन तिबेटवर निघाला. त्या काळी लडाख आणि बाल्टिस्तानलाही तिबेटच म्हणत. यारकंदहून दक्षिणेला यायचं म्हणजे काराकोरमचे घाट ओलांडायचे. काराकोरम खिंड सुमारे ५,५४० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक तीन कळसूबाई ठेवले तरी ती खिंड आणखी वरच राहते. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणून आपल्याकडे हा आजार कुणाला होत नाही, आणि म्हणूनच आपल्या माणसाला त्याची भीतीही नसते.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं बरेच जण समजतात. प्रमाण तेवढंच असतं, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. आपण कात्रपला उभे असतो तेव्हा वरच्या सगळ्या हवेचं ओझं खालच्या हवेला दाबून दाट करतं. लेहच्या उंचीवर हा दाब साधारण दोन तृतीयांश राहतो, काराकोरम खिंडीत जवळपास निम्मा. छाती तेवढीच फुगते, पण आत येणाऱ्या हवेत माल निम्मा. मग शरीर जोरजोरात श्वास घेतं, हृदय धावतं, आणि तरीही पुरत नाही.

सईद खानाला हे कळणं शक्य नव्हतं. घाट चढतानाच त्याची तब्येत फार बिघडली. खाली वस्तीच्या भागात आल्यावर तो सावरला. हिवाळा त्यानं बाल्टिस्तानात काढला आणि हैदरला काश्मीरवर पाठवलं. हैदरनं श्रीनगरपर्यंत धडक मारली, तिथल्या राजाशी तह केला आणि १५३३ च्या वसंतात परत येऊन खानाला भेटला. खानानं ठरवलं की आपण यारकंदला परतायचं, आणि हैदरनं पुढे उरसांगवर, म्हणजे आजच्या ल्हासावर चालून जायचं. दोघांचा निरोप झाला तो शेवटचाच.

परतीच्या वाटेवर त्याच घाटांनी खानाला पुन्हा गाठलं. एकदा ज्याला उंचीचा जोरदार झटका बसलाय त्यानं पुन्हा तेवढ्याच उंचीवर जाणं धोक्याचं, हे आजचा डॉक्टर लगेच सांगेल. त्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं, आणि घरी जायला दुसरी सोपी वाटही नव्हती. हिजरी ९३९ च्या शेवटी, म्हणजे १५३३ च्या जुलैत, यारकंदला पोहोचण्याआधीच सुलतान सईद खानाचा इंतेकाल झाला. कारण म्हणून हैदरनं एकच शब्द लिहिलाय, दमगिरी.

त्या भागात आज भारताच्या ताब्यात दौलत बेग ओल्डी नावाचं ठाणं आहे. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘जिथं मोठा धनवान माणूस मेला ती जागा’ असा होतो, आणि काही जण हे नाव सईद खानाच्या मृत्यूशीच जोडतात. सुमारे ५,०६५ मीटर उंचीवरच्या या ठाण्याच्या धावपट्टीवर ऑगस्ट २०१३ मध्ये हवाई दलाचं सी-१३० जे हे मोठं मालवाहू विमान उतरलं. जगातल्या सगळ्यात उंच धावपट्ट्यांत तिची गणना होते. तिथं उतरणाऱ्या वैमानिकांना आणि जवानांना वैद्यकीय तपासणी आणि सवयीचे दिवस पार केल्याशिवाय पाठवत नाहीत.

हैदर मात्र पुढेच निघाला होता. पश्चिम तिबेटचं ते पठार म्हणजे महिनोन्महिने चार-साडेचार हजार मीटरच्या वरच राहणं. उरसांग आठ दिवसांच्या वाटेवर राहिलं आणि तिथून त्याला माघारी फिरावं लागलं. शत्रूपेक्षा थंडीनं आणि दमानं हरवलं. घोडे तर पटापट गेले. एका छाप्याच्या वेळी एका रात्रीत फौजेचे दोन हजारांवर घोडे मेल्याचं तो सांगतो. त्याच्या स्वतःच्या पागेतले खास सवारीचे चोवीस घोडे होते, सकाळी त्यातले एकवीस नव्हते. आपल्या बदलापूरचं नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं असं जुने लोक सांगतात. तिथं हैदरला बदलायला घोडाच मिळणार नव्हता.

आणि इथंच या माणसाचं वेगळेपण दिसतं. हरलेला सेनापती सहसा दोष कुणाच्या तरी माथी मारतो, नशिबाच्या नाहीतर सोबत्यांच्या. हैदरनं आजाराचं वर्णन लिहिलं, आणि तेही एखाद्या चांगल्या डॉक्टरनं केसपेपर लिहावा तसं. श्वास असा लागतो जणू माणूस जड ओझं घेऊन चढावर धावत आलाय. झोप लागत नाही. लागलीच तर डोळा मिटतो न मिटतो तोच छाती घुसमटून जाग येते. भूक जाते. हातपाय सुजतात. मग बोलणं असंबद्ध होतं, माणूस भ्रमात जातो, वाचा बंद होते, आणि खाली नेलं नाही तर थोड्याच दिवसांत मरतो. गावात किंवा गढीत आणलं तर बहुतेक बचावतो. त्रास होतो तो परक्यांना, तिथल्या रहिवाशांना नाही. थंडी जितकी कडक तितका आजार वाईट. माणसालाच नाही, घोड्यालाही होतो. आणि तिथल्या वैद्यांना त्याचं कारण माहीत नाही.

आता यातली एकेक गोष्ट आजच्या पुस्तकाशी लावून बघा. झोपेत श्वास थांबून दचकून जाग येणं हे उंचीवरचं ठरलेलं लक्षण आहे. वर गेल्यावर झोपेत श्वास कधी जोरात चालतो तर कधी काही क्षण थांबतोच. असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज येण्याची खूण. ‘गावात आणलं की वाचतो’ हे तर अचूक निरीक्षण, फक्त कारण गाव नव्हतं. गावं दरीत असतात, खाली असतात. उतरणं हाच इलाज होता, आजही पहिला इलाज तोच. स्थानिकांना होत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांची शरीरं त्या हवेला जुळलेली. थंडीच्या बाबतीतही तो अर्धा बरोबर निघाला. थंडी मूळ कारण नाही, पण फुप्फुसात पाणी होण्याचा धोका ती वाढवते.

उंचीच्या आजाराचा उल्लेख त्याच्या आधी कुणी केलाच नव्हता असं नाही. चीनमधल्या एका अधिकाऱ्यानं इसवी सनापूर्वीच पश्चिमेच्या वाटेवरच्या ‘डोकेदुखीच्या डोंगरां’बद्दल लिहिलं होतं. युरोपात मात्र या विषयात पहिलं नाव घेतात ते स्पॅनिश पाद्री होसे दे अकोस्ता याचं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात त्याला झालेला त्रास त्यानं १५९० मध्ये छापला. हैदरचा ग्रंथ १५४६ मध्ये पुरा झाला होता, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं आधी. आणि लक्षणांचा तपशील बघितला तर, माझ्या मते, हैदरचं वर्णन अधिक भरीव आहे. अकोस्तानं एका प्रवासातला अनुभव सांगितला, हैदरनं एका फौजेचा.

त्याच्या आयुष्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. खान गेल्यावर गादीवर बसलेल्या अब्दुर रशीद खानानं हैदरच्या चाचांना मारून टाकलं आणि हैदरला परत येण्याची वाटच ठेवली नाही. मूठभर उरलेल्या माणसांसह त्यानं सुमारे दोन वर्षं लडाखमध्ये काढली. मग बदख्शान, काबूल, आणि तिथून लाहोरला बाबराचा मुलगा कामरान मिर्झाकडे. पुढे आग्र्यात हुमायूनकडे. १७ मे १५४० रोजी कनौजजवळ शेरशाहाशी लढाई झाली, हैदर तीत हुमायूनच्या बाजूनं होता. ती हरली. हुमायून पळापळीत असतानाच हैदर सुमारे चारशे माणसांनिशी काश्मीरकडे वळला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं ते घेतलं. नावाला गादीवर स्थानिक सुलतान नाजुक शाह, कारभार हैदरचा. तो दहा वर्षांवर टिकला.

काश्मीरमधला हैदर मात्र सगळाच कौतुकाचा नाही, ते इथं सांगायलाच हवं. कला, कारागिरी, संगीत यांना त्यानं उत्तेजन दिलं. पण नूरबख्शी आणि शिया लोकांवर त्यानं सक्ती केली, त्यांच्या बुजुर्गांना छळलं, आणि हे त्यानं स्वतः अभिमानानं लिहिलंय. आजाराकडे जो इतक्या मोकळ्या नजरेनं बघतो त्याची नजर आपल्याच भावंडांच्या अकीद्याकडे वळली की एवढी आखडते, हे वाचताना त्रास होतो. त्याच्या सत्तेचा शेवट जवळ आणण्यात या छळाचाही वाटा होता. १५५१ मध्ये श्रीनगरजवळ बंडखोर सरदारांवर रात्रीचा हल्ला करताना तो मारला गेला. अंधारात लागलेला बाण आपल्याच माणसाचा होता असंही सांगतात.

‘तारीख-ए-रशीदी’ त्यानं काश्मीरमध्येच १५४१ ते १५४६ दरम्यान फारसीत लिहिली. नाव बघा. अब्दुर रशीद, म्हणजे ज्यानं त्याच्या चाचांना मारलं आणि त्याला बेघर केलं, त्याच खानाच्या नावाशी त्यानं ग्रंथ जोडला. नावाची आणखीही कारणं तो देतो, पण हे एक कारण आहेच. जुने इतिहासकार यावर बरंच लिहून गेलेत. मला त्यात राजकारणापेक्षा घराण्याचा जिव्हाळा जास्त दिसतो.

दमगिरीचं खरं कारण कळायला पुढे सव्वातीनशे वर्षं लागली. फ्रान्समध्ये पॉल बेर नावाच्या शास्त्रज्ञानं लोखंडी कोठ्या बनवल्या, त्यातली हवा काढून दाब कमी केला, आत प्राणी ठेवले, मग स्वतः बसला. दाब कमी असला तरी ऑक्सिजन नळीनं घेतला की त्रास जातो, हे त्यानं दाखवलं. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच वर गेले, आठ हजार मीटरच्या पुढे. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या, पण त्या पुरणार नाहीत असा इशारा देणारं बेरचं पत्र त्यांना वेळेत मिळालं नाही. दोघे मेले, तिसरा गॅस्तों तिसांदिए वाचला, पण बहिरा होऊन. त्यानं नंतर सांगितलेली गोष्ट विमानवैद्यकाचा पहिला धडा आहे. त्याला वर भीती वाटलीच नाही, उलट बरं वाटत होतं, आणि नळी तोंडाला लावायला हात उचलला तर उचलेना. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की आपल्याला काहीतरी होतंय हे कळणारा भागच आधी मंद होतो. म्हणून आज वैमानिकांना कमी दाबाच्या कोठीत बसवून स्वतःची पहिली लक्षणं ओळखायला शिकवतात. १८७८ मध्ये बेरचा हवेच्या दाबावरचा मोठा ग्रंथ आला आणि या शाखेचा पाया पडला.

भारतात हे काम पुन्हा लडाखपाशीच येऊन पोहोचलं. १९६२ च्या युद्धात सखल भागातले जवान घाईघाईनं विमानानं वर नेले गेले आणि अनेकांच्या फुप्फुसात पाणी झालं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये अशा ३३२ रुग्णांचा, आणि १९६९ मध्ये १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. हैदरची फौज ज्या मुलखात मेली त्याच मुलखात, चारशे वर्षांनंतर, आकडेवारीनिशी.

आता आपल्या घरची गोष्ट. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरची पोरं हल्ली सुट्टीत लेहचा बेत करतात. इथं आपण समुद्रसपाटीच्या जवळपास राहतो, आणि विमान काही तासांत ३,२०० मीटरच्या वर नेऊन सोडतं. हैदरची फौज निदान पायी, दिवसादिवसानं चढली होती. पहिले दोन दिवस लेहमध्ये काहीच करायचं नाही, निव्वळ आराम. तिथून लगेच खारदुंगला गाठायचा हट्ट नको. बोर्डावर १८,३८० फूट लिहिलेलं असतं, खरी मोजणी १७,५८२ फूट भरते, पण शरीराला दोन्ही सारखेच. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर वर चढणं थांबवायचं. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं भरकटलं, बसल्या जागी दम लागला तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. सोबतचा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तिसांदिएलाही तसंच वाटत होतं. डायमॉक्सची गोळी चालते, पण निघण्याआधी डॉक्टरला विचारून.

उमरा आणि हजच्या विमानाचंही थोडं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं, आत हवा दाबून भरलेली असते, पण ती कात्रपच्या हवेइतकी दाट नसते. आतला दाब आठ हजार फुटांपर्यंतच्या डोंगरावर असतो तसा असू शकतो. तंदुरुस्त माणसाला कळतही नाही. पण फुप्फुसाचा जुना आजार असलेले, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले किंवा घरी ऑक्सिजनवर असलेले अब्बा-अम्मी असतील, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरला दाखवा. विमानात ऑक्सिजन लागणार असेल तर एअरलाइनला आधीच कळवावं लागतं, विमानतळावर ऐनवेळी ती सोय होत नाही.

मिर्झा हैदरची मजार श्रीनगरला आहे, जैना कदलजवळ झेलमच्या काठी, मजार-ए-सलातीन या जुन्या शाही कब्रस्तानात. जवळच सुलतान जैनुल आबिदीन यांच्या वालिदांचा विटांचा घुमट आहे. ‘तारीख-ए-रशीदी’चा इंग्रजी तर्जुमा डेनिसन रॉस यांनी केला, संपादन नेय एलियास यांचं, आणि तो १८९५ मध्ये लंडनला छापला गेला. तिबेटच्या मोहिमेची आणि दमगिरीची प्रकरणं त्याच्या दुसऱ्या भागात आहेत.